रेडिओची तीन मिनिटं

गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं जे दुकान आहे, त्याच्या मालकाला सगळे रेडिओ म्हणतात. खरं नाव विचाराल तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागतं. सकाळी शटर वर गेलं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, तो शटर खाली येईपर्यंत. गिऱ्हाईक दाढी करायला म्हणून बसतं आणि गावभरची खबरबात घेऊन उठतं.

आणि याच माणसाला समोरासमोर उभं करा, की बोलती बंद! खोटं वाटेल, पण आहे तसं. पंचवीस वर्षं हा माणसांशी बोलला तो त्यांच्या मागे उभं राहून, हातात कात्री धरून. चेहरे बघितले ते आरशात. कुणी सरळ डोळ्यांत डोळे घातले की याची दातखीळ बसलीच म्हणून समजा.

मुलगी बघायला गेला तेव्हा अर्धा तास स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता. होणारे सासरे पेशाने गवंडी, एक घाव दोन तुकडे करणारा माणूस. ते बायकोच्या कानात म्हणाले, "मुलगा मुका आहे का गं?" दुसऱ्या दिवशी खात्री करायला ते थेट त्याच्या दुकानात गेले आणि काही न बोलता खुर्चीत बसले. घरी परतले ते डोकं धरूनच. "मुका नाही," ते म्हणाले, "असता तर बरं झालं असतं. पण पोरगं मनाचं स्वच्छ आहे."

त्या सासऱ्यांना रेडिओ 'मामा' म्हणतो. मामी गेल्यावर मामा लेकीकडे राहायला आले, आणि सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. पहिले काही महिने ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागायची. मग एका सकाळी काय मनात आलं कोण जाणे, उठले, काठी घेतली आणि एकटेच दुकानाकडे निघाले.

घरापासून दुकानापर्यंत एका जुन्या गोदामाची लांबलचक भिंत आहे. उजवा हात भिंतीला, डाव्या हातात काठी, आणि मोजून तीनशे चाळीस पावलं. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. भिंत कुठे फुगलीये, पाइप कुठे आहे, लोखंडी दार कुठे लागतं, सगळं त्यांच्या तळहाताला पाठ. आणि रोज दुकानात पाऊल टाकल्याबरोबर पहिलं वाक्य ठरलेलं: "कुठल्या शहाण्याने केलंय रे हे प्लॅस्टर? हात सोलवटतो नुसता!" मग बाकावर बसायचं आणि दुपारपर्यंत रेडिओच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडायचे. गिऱ्हाइकं तर त्या दोघांची जुगलबंदी ऐकायला दाढी वाढवून येतात.

तर अशा या भिंतीवर संकट आलं. विजेच्या खांबावर पालिकेने एक नोटीस चिकटवली. आता खांबावरची नोटीस कोण वाचतं? पण पालिकेतले एक कारकून दर पंधरवड्याला रेडिओकडे येतात. डोक्यावर मोजून चार केस, पण ते चार वेळेवर कापले जायला हवेत असा त्यांचा आग्रह. ते खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "तुमच्या गल्लीत आता मोटारसायकलींचं पार्किंग होणार. गोदामाच्या भिंतीला पुढचं चाक टेकवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

कात्री थांबली. रेडिओने आरशातून बाकाकडे पाहिलं. मामांचा त्या वेळी डोळा लागला होता, निदान तसं दिसत तरी होतं. समोरच्या बाजूला दुकानांच्या पायऱ्या, पाट्या, उघडं गटार. तिकडून मामांना चालता येणार नाही. आणि हात धरून आणू म्हटलं तर ते येणार नाहीत. परत पलंग, परत भिंतीकडे तोंड!

"हे थांबवता येतं का हो?" त्याने हळूच विचारलं.

"बोलता येतं," कारकून म्हणाले. "नियोजन समितीची सभा गुरुवारी पाच वाजता. कुणीही रहिवासी बोलू शकतो. बुधवारी दुपारी बाराच्या आत खिडकीवर नाव द्यायचं, विषय क्रमांक लिहायचा. तीन मिनिटं मिळतात. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, सभासदांशी हुज्जत घालायची नाही. आणि नुसता विरोध नको, जागेबद्दल बोला. कोण वापरतं, कसं वापरतं, काय केलं तर चालेल, हे सांगा. तीन मिनिटं म्हणजे तुमच्यासाठी काय हो, चूळ भरल्यासारखं!"

रेडिओने बुधवारी अकरालाच नाव दिलं. संध्याकाळी बायकोसमोर तालीम सुरू केली. बायको समोर खुर्ची टाकून बसली, आणि याच्या तोंडून "अध्यक्षबाई" च्या पुढे शब्द फुटेना. वैतागून ती कपड्यांच्या घड्या करायला वळली, तशी याने मागून पूर्ण भाषण धडाधड म्हणून दाखवलं.

"अहो, अध्यक्षबाईंना काय पाठ करून बसवणार आहात?" ती म्हणाली.

"बघू उद्याचं उद्या," रेडिओ म्हणाला. "मामांना मात्र कळू देऊ नकोस."

"काय कळू द्यायचं नाही?" आतल्या खोलीतून आवाज आला. "डोळे गेलेत माझे, कान नाही. त्या चार केसवाल्याचं सगळं ऐकलंय मी. मी येणार उद्या. आणि ऐका जावईबापू, तिथे माझं रडगाणं गायचं नाही. 'बिचारा' हा शब्द एकदा जरी निघाला ना, तर याच काठीने तुमची हजामत करीन."

गुरुवारी पाचला तिघंही सभागृहात हजर. लांब टेबलामागे मधल्या अध्यक्षबाई धरून सात सभासद, समोर घंटा आणि घड्याळ. भिंतीवर गल्लीचा नकाशा. एका कोपऱ्यात आपले कारकून इतिवृत्त लिहायला बसलेले. मामा आणि बायको मागच्या रांगेत बसले. विषय क्रमांक चार पुकारला गेला आणि रेडिओ माइकसमोर उभा राहिला.

सात चेहरे. चौदा डोळे. आणि आरसा कुठेच नाही.

"अध्यक्षबाई," तो म्हणाला, आणि संपलं. तोंड उघडं, जीभ टाळ्याला चिकटलेली. घड्याळ पुढे चाललेलं. कुणीतरी खोकलं. अध्यक्षबाई बिचाऱ्या चांगल्या होत्या, म्हणाल्या, "घाई नाही, सावकाश बोला." त्याने तर आणखीच घाम फुटला. बायकोने मागे डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात काठीची टकटक ऐकू आली. मामा मधल्या वाटेने खुर्च्यांच्या पाठी चाचपत पुढे येत होते. त्यांनी पहिल्या रांगेतली एक खुर्ची ओढली, माइकपाशी आणली आणि जावयाकडे पाठ करून बसले.

"बाई, माझे केस वाढलेत," मामा म्हणाले. "मी बोलायला नाव दिलेलं नाही, तेव्हा बोलत नाही. नुसतं बसलो तर नियमात बसतं का?"

अध्यक्षबाईंनी कारकुनांकडे पाहिलं. कारकुनांनी नियमांची वही चाळली, आपल्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बसायला हरकत दिसत नाही, मॅडम."

रेडिओचा हात आपोआप वरच्या खिशाकडे गेला. कंगवा बाहेर आला, त्याच्या मागोमाग कात्री. रुमाल मामांच्या मानेभोवती बसला. कात्री हवेत दोनदा वाजली, आणि रेडिओ लागला!

"तर अध्यक्षबाई, काय झालं, की आमच्या गल्लीत एक गवंडी आहेत. त्यांना दिसत नाही, पण त्यांच्याइतकं त्या गोदामाच्या भिंतीला कुणीच बघितलेलं नाही. रोज सकाळी भिंतीला हात लावून तीनशे चाळीस पावलं चालतात, एकटे, आणि वाटभर त्या प्लॅस्टरला शिव्या घालतात. तुमच्या नकाशात भिंत आहे, पार्किंग आहे, पण ती वाट नाही. चूक तुमची नाही, नकाशा काढणारा तिथून डोळे मिटून कधी चालला नसेल. मान खाली घ्या मामा. आता तिथे चाकं लागली की ती वाट बंद. धरून आणू म्हणाल, तर ते धरून येणाऱ्यातले नाहीत. ते घरी बसतील. आणि बाई, ते घरी बसलेले मी बघितलेत. मला ते पुन्हा बघायचं नाही. दुकानात मला गप्प करणारा एकच माणूस आहे हो, तोही गेला तर गिऱ्हाइकांनी काय करायचं? पार्किंग करू नका असं मी म्हणत नाही. माझ्याही गिऱ्हाइकांना गाड्या लावायला जागा हवीच आहे. फक्त भिंतीपासून तीन फूट सोडा. गाड्या तिरक्या लावा, मावतात. मी काल लावून बघितल्या, नऊ गाड्या, सगळ्या गिऱ्हाइकांच्या."

घंटा वाजली. "झालं!" म्हणत रेडिओने सवयीने रुमाल झटकला. सभागृहात हशा पिकला. पालिकेच्या सतरंजीवर पांढरे केस पडले ते पडलेच. एका सभासदाने नकाशापाशी बसलेल्या पालिकेच्या इंजिनिअरांना विचारलं, तिरक्या गाड्या बसतात का? इंजिनिअरांनी नकाशावर पट्टी ठेवली, पेन्सिलीने काहीतरी केलं आणि दोन गाड्या कमी होतील म्हणाले. सात हात वर झाले. भिंतीलगत तीन फूट मोकळे सोडून पार्किंग मंजूर.

बाहेर आल्यावर बायको आधी रडली आणि मग वडिलांकडे बघून पोट धरून हसायला लागली. तीन मिनिटांत उजवी बाजूच कापून झाली होती! डावीकडे जंगल तसंच.

"घरी चला मामा, लगेच सारखं करून देतो," ओशाळलेला रेडिओ म्हणाला.

"घरी नाही," मामा म्हणाले. "अर्धं काम राहिलंय ना? उद्या दुकानात. मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ दुकानाच्या दारात उभा होता. अर्ध्या डोक्याचे मामा भिंतीच्या कडेने येताना दिसले. पाइप ओलांडला, लोखंडी दार मागे टाकलं. गल्लीतले लोक डोक्याकडे बघून हसत होते, आणि मामा प्रत्येकाला "काय, कसा दिसतोय?" म्हणून विचारत होते. पुढे होऊन हात धरावा असं रेडिओला फार वाटलं. तो जागचा हलला नाही.

"भिकार प्लॅस्टर!" म्हणत मामा आत आले आणि खुर्चीत बसले.

त्यांच्या मागे उभं राहून कंगवा हातात घेतल्यावरच रेडिओला तोंड उघडता आलं. "मामा, काल तुम्ही उठून आला नसता ना, तर..."

"तर काय?" मामा म्हणाले. "केस वाढले असते. डावीकडून सुरू कर."