परत केलेलं कार्ड

सुट्टी झाली की राईस मिलच्या फाटकावर ती थांबायची आणि चौकीदाराने काही म्हणायच्या आत पदर झटकायची. एखादा दाणा अडकून घरी जाऊ नये म्हणून. "बाई, तुले कोनी इचारलं का?" तो हसायचा. "ज्याचं त्याले," म्हणून ती सावली गावाच्या रस्त्याला लागायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग येतो. मला फार यायचा. मी त्याच मिलमध्ये हमालांचा म्होरक्या. पाठीवर पोती वाहून वर आलेला. पोत्यामागचा दर ठेकेदाराच्या तोंडून ओढून काढणं हे माझं काम. ती आवारात पायाने ओळी पाडत धान वाळवायची. मी ओरडायला लागलो की म्हणायची, "भाऊ, तुह्या आवाजानंच वाळते धान. उन्हाचं काम नाई."

मिल तीच, आम्ही तेच, ठेकेदार मात्र दरवर्षी नवा. बोनस मागितला की नवा म्हणायचा, "मागचं मले माहीत नाई." जुना तर फोनच उचलायचा नाही. ठेकेदाराच्या मजुरालाही कायद्याने बोनस मिळतो, हे मी चंद्रपूरच्या वकिलाकडून ऐकून आलो. पण पुरावा हवा. हजेरी ठेकेदाराच्या कपाटात, मजुरी रोख. आमच्या हातात एकच वस्तू, त्याच्या शिक्क्याचं कार्ड. मी सगळ्यांना दम भरला, "ठेका संपला तरी कार्ड द्यायचं नाही. हरवलं म्हणा."

ठेका संपला त्याच संध्याकाळी तिने कार्ड पुसून ठेकेदाराच्या मुनशीच्या हातात ठेवलं.

मी धावूनच गेलो. "अक्कल गहाण ठेवली का बाई?"

"त्याइचंच होतं ना भाऊ. त्याइनं मांगलं. हरवलं कसं म्हनू?"

आम्ही बोनससाठी तक्रार केली. कामगार कार्यालयात साहेबांनी एकेकाचं कार्ड पाहिलं. तिची पाळी आली तेव्हा मुनशी म्हणाला, "ही बाई आमच्याकडे नव्हतीच."

ती त्याच्याकडे वळली. "काऊन बाबू? तुह्याच हातात देल्लं ना मीनं? इमानदार बाई आहे म्हनला ना तू?"

मुनशीने मान खाली घातली. शब्द बदलला नाही. बाकीच्यांना पुढच्या ठेक्यात काम हवं होतं, ते गप्प. बोलणारा मी एकटा, आणि मी टेबलावर मूठ आपटली, मुनशीला शिवी दिली. साहेबांनी मला बाहेर काढलं. आमचा बोनस मंजूर झाला. तिचं नाव कटलं.

नव्या ठेकेदाराने तिला घेतलंच नाही. तक्रार करणारी बाई कशाला, म्हणे. मला हात लावला नाही. माझ्यामागे हमाल होते. तिच्यामागे कोण होतं?

साठीच्या वयात ती मिरची तोडायला सिरोंच्यामार्गे तेलंगणात निघाली. चौकात पिकअप उभी होती, मागे पोरी दाटीने बसलेल्या. मी बोनसचं पाकीट तिच्यापुढे धरलं.

"घे बाई."

"ते तुहं हाय. माहं त्याइनं द्याव."

"मग निम्मे घे."

"नाई जी."

"पाव?"

"भाऊ, सिरोंच्यापर्यंत असाच भाव पाडत येशीन का?"

पोरी हसल्या. तिने माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य. हंगाम संपून पोरी परतल्या, ती नाही.

त्या दिवशी गाडी सुटली तेव्हा मी बाजूने चालत होतो. "भाड्यापुरते तरी घे," मी ओरडलो. तिने हातानेच नको म्हटलं, आणि शेजारच्या पोरीला नीट बसता यावं म्हणून थोडी सरकली.