चार बँकांतला कळप

माझी चार बँकांत खाती आहेत आणि चारही खात्यांत मिळून पैसे मात्र एका खात्यापुरते आहेत. हे वाक्य माझ्या बायकोचं.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत मी हिशेब सांभाळतो. पगार पहिल्या बँकेत येतो, कारण कंपनीचा तसा हट्ट. तिथलं व्याज इतकं किरकोळ, की पासबुक भरून आणायला त्याहून जास्त पेट्रोल जळतं. म्हणून पगार आला की मी त्याला तिथे बूड टेकू देत नाही. लगेच दुसऱ्या बँकेत. तिथे महिन्याला ठरावीक रक्कम जमा झाली की वीजबिलातले काही रुपये परत मिळतात. तिचं समाधान झालं की तेच पैसे तिसरीत. ती नवीन आहे, गिऱ्हाइकासाठी आसुसलेली आहे, म्हणून व्याज चांगलं देते. चौथीत थोडी रक्कम पडून असते, कारण तिच्या कार्डावर पॉइंट मिळतात. त्या पॉइंटांतून आजवर दोन छत्र्या, एक प्रवासी बॅग आणि तीन कॅसरोल आले.

"अहो, घरात भाकऱ्यांपेक्षा डबे जास्त झालेत," बायको म्हणते. "पुढच्या वेळी पॉइंटांवर एखादा भाकरी खाणारा मागवा."

माझे वडील, आबा, जाफराबादकडच्या आमच्या गावी राहतात. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी साफ नकार दिला आणि सगळा कळप विकावा लागला. घेणारा टेम्पो घेऊन आला, तेव्हा मी तिथेच होतो. आबांनी एकेक मेंढी स्वतः चढवून दिली. टेम्पो गेल्यावर वाघूर, म्हणजे रात्री कळपाभोवती लावायची जाळी, घडी घालून माळ्यावर टाकली आणि आलेले पैसे पेटीत ठेवले.

तेव्हापासून ते जेवेनासे झाले. आईचा फोन यायचा, "दोन घास खातेत अन् ताट सारतेत. म्या काय करू?" काय करावं हे मलाही कळत नव्हतं. आबांची एक पद्धत होती. संध्याकाळी कळप वाघुरीत शिरला की ते विचारायचे, "आली का समदी?" आई नाहीतर मी मोजून सांगायचो, "आली." मगच ते हात धुऊन ताटावर बसायचे. आता विचारायला काही उरलंच नव्हतं. मला त्यांची फार काळजी वाटायची, आणि काळजी वाटली की मला बँकच सुचते.

"पेटीतले पैसे खात्यात टाका, आबा. व्याज तरी येईल."

"पेटीत काय वाईट हाय? गुमान बसून राह्यलेत."

मग बाजेवर बसून मी त्यांना माझ्या चार बँकांचा फेरा समजावून सांगितला. त्यांनी डोळे बारीक केले. "म्हंजे तेच पैसे? आज हिच्यात, उद्या तिच्यात?"

"तेच."

"अन् जिच्यात गेले ती कायतरी देती?"

"देते ना."

आबांनी मांडीवर थाप मारली आणि कित्येक महिन्यांनी मनापासून हसले. "अरे, मंग हे तर मेंढरं बसवणं झालं की!"

आमच्याकडे पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतात. कळप रात्रभर रानात बसतो, लेंडीखत पडतं, आणि त्याबदल्यात मेंढपाळाला ज्वारी किंवा पैसे मिळतात. दुसऱ्या दिवशी तोच कळप शेजारच्या रानात. आबांचं सगळं आयुष्य यात गेलं. मी बी.कॉम. होऊन त्यांचाच धंदा करतोय, हे मला चाळिशीत कळलं.

मग त्यांनी माझी परीक्षाच घेतली. "ती तिसरी ज्यादा देती म्हंतोस. बराबर पारखलीस का? ज्यादा देनाऱ्याच्या रानात मी पयल्यांदा एकच रात बसवत व्हतो. अन् रातच्याला राखन कोन करतं?"

"पासवर्ड."

"त्यो झोपत न्हाई ना?"

"बिलकुल नाही."

शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर. पैसे त्यांच्या डोळ्यांसमोर हलले पाहिजेत. त्यांच्या नावाने दोन खाती उघडली, एक गावाकडे आणि एक जालन्यातल्या त्या आसुसलेल्या बँकेत. ठरल्या दिवशी आबा एसटीने आमच्याकडे आले. धुतलेलं धोतर, हातात काठी. बायकोने भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. "मागून जेवू," म्हणून ते माझ्या शेजारी बसले.

मी बटण दाबलं. गावाकडच्या खात्यातून रक्कम गेली. दुसऱ्या खात्यात येईना. स्क्रीनवर नुसतंच 'प्रक्रिया सुरू आहे'.

"गेली?"

"गेली."

"पोचली?"

"अजून नाही."

"मंग कुठं हाईत?"

"रस्त्यात," मी म्हणालो. माझी सगळी हुशारी पार हवेत गेली. यांचा कळप एकदा गेलाच होता, आता दुसऱ्यांदा माझ्या हातून जातोय, असं वाटून मी खरोखर घाबरलो. आबा उठले, काठी घेतली आणि दारात जाऊन उभे राहिले. आता चिडणार, असं मला वाटलं.

"घाबरू नको," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "वढा वलांडताना येळ लागतो."

आम्ही दोघं थांबलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. रस्त्यावरून सळयांनी भरलेला एक टेम्पो खडखडत गेला. आणि मग फोनवर बँकेचा मेसेज वाजला.

"आली का समदी?" आबांनी न वळताच विचारलं.

"आली."

"मोजलीस?"

"मोजली, आबा."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, बेसिनवर हात धुतले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. "वाढ गं पोरी. लई भूक लागली."

पहिला कॅसरोल रिकामा झाला, तेव्हा बायकोने दुसरा आणून ठेवला.