एनॉकचं खडूचं वर्तुळ

…आणि अंगरख्याची गंमत तर काल सांगायची राहिलीच! एनॉक सग्डन म्हणजे इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा घड्याळं दुरुस्त करणारा. केसाएवढी स्प्रिंग डोळे मिटून बसवील. पण शिवणाची सुई हातात आली की सगळा आनंदीआनंद. देवदूतांना बोलावणाऱ्या त्याच्या गुप्त मंडळाचा दंडकच होता, विधीची प्रत्येक वस्तू, अंगरखासुद्धा, ज्यानं त्यानं आपल्या हातानं करायची. बायको हॅना बिछान्यातून म्हणायची, "आण इकडे, कॉलर तरी सरळ लावून देते." हा पठ्ठ्या देईल तर शपथ!

हॅनाला क्षय झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा एनॉकनं ठरवलं, आजार बरे करणाऱ्या देवदूताला, राफाएललाच बोलवायचं. बुधवारी, सूर्य उगवता उगवता.

त्या सकाळी हॅनाची थोरली बहीण कझाया दुधाला निघाली. दारातूनच म्हणाली, "काय रे, पाहुणा चहात साखर घेतो का?"

"हसू नकोस, कझाया. हॅनासाठीच आहे."

"मग तिच्या उशाशी बस की मेल्या!"

ती गेली. एनॉकनं स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं वर्तुळ आखलं, धूप पेटवला आणि आत उभा राहिला. नियम कडक होता. आलेल्याला रीतसर निरोप दिल्याशिवाय रेषेबाहेर पाय टाकायचा नाही. टाकला, तर ज्याच्यासाठी विधी मांडला त्याच्यावरच तो उलटतो.

बोलावण्याचे शब्द म्हणून झाले आणि शेजारच्या खोलीत खोकल्याची उबळ उठली. मग हाक आली, "एनॉक, पाणी."

दार उघडंच होतं. पलंगाची कड दिसत होती, तिचा हातही दिसत होता. त्यानं निरोपाचे शब्द भराभर म्हणायला घेतले आणि घाईत त्यातलं एक हिब्रू नाव चुकलं. चुकलं की पहिल्यापासून. त्यानं पहिल्यापासून घेतलं. दुसरी हाक आली. तिसरी आली नाही.

कझाया दूध घेऊन परतली, तेव्हा तो अंगरख्यासकट पलंगापाशी बसला होता. उशी रक्तानं भिजली होती.

तिनं दोन वर्षं अबोला धरला. मग एका रविवारी, हॅनाच्या थडग्यावरचं गवत उपटता उपटता, तिनं विचारलंच, "चार पावलांवर होती रे ती. का नाही गेलास?"

एनॉक म्हणाला, "तीनच पावलं, कझाया. पण रेषेबाहेर आलो तर ती मरेल, असं वाटलं मला."