पुसेगावच्या कुरणातला नाकतोडा

हे जनावरांचे डॉक्टर खरे, पण उभे कायम जनावरांच्या मागच्या बाजूला, असं हिंगोलीत लोक म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. दवाखाना आटोपला की डॉक्टरसाहेब चरायला निघालेल्या एखाद्या कळपामागे चालू लागत. हातात काठी आणि तिच्या टोकाला मच्छरदाणीच्या जाळीची पिशवी. ढोरांचे खूर पडले की गवतात लपलेले नाकतोडे उडतात आणि मागच्या माणसाला आयते दिसतात, ही त्यांची युक्ती. "ढोरं माझे नोकर हायेत," ते म्हणत, "अन् चारा दुसऱ्याचा खातेत." सगळे त्यांना टोळडॉक्टर म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत.

एकदा एक म्हातारा फुगलेली म्हैस घेऊन आला, तेव्हा डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर भिंग लावून बसले होते. म्हातारा कडाडला, "डाक्तर, म्हैस मरून राहिली अन् तुमी टोळाची नाडी काहून बघून राहिले?" डॉक्टर उठले, म्हशीला औषध पाजलं, ती उभी राहीपर्यंत हलले नाहीत. मग म्हाताऱ्याच्या धोतरावर बसलेला एक नाकतोडा अलगद उचलून म्हणाले, "ही माझी फी."

पकडलेल्या प्रत्येक किड्याखाली ते कागदाचा कपटा टोचत. त्यावर गावाचं नाव. किड्याचं नाव पुढे-मागे कळेल, गाव मात्र त्याच दिवशी लिहायचं. "बिनगावाचा किडा म्हंजे बेवारस मुडदा, मास्तर. त्याच्यापासून काय शिकावं माणसानं?" त्यांच्या कपाटात परमुलखातलेही किडे होते. आफ्रिकेत रेल्वेत असलेले त्यांचे भाऊ पेट्या भरून पाठवत. त्या पेट्यांना डॉक्टर वेगळा खण ठेवत आणि कुणाला हात लावू देत नसत.

मला मात्र देत. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो, एकटा होतो, आणि दोन घरं सोडून राहत होतो. रात्रीची भाकरी बहुधा त्यांच्याकडेच. वहिनी वाढताना म्हणायच्या, "तुमी तरी माणसाचं बोला भावजी, ह्यांच्या तोंडात सहा पायांशिवाय काही येत न्हाई."

छत्तीस-सदतीस साल असेल. भादव्यात डॉक्टरांना हिवतापानं धरलं. पुसेगावचं कुरण कापायला आलं होतं, आणि कापणीआधी तिथं एक फेरी व्हायलाच हवी, असा त्यांचा हट्ट. गोधडीतून हात काढून त्यांनी डबी पुढे केली. "उद्या जुम्म्याची सुट्टी हाय तुमाला. ढोरांमागं चाला, दिसंल ते आणा."

मी हो म्हटलं. सकाळी निघालोही. वेशीवर मावसभावाची गाडी भेटली. तो कनेरगावला, निजामाच्या हद्दीवरच्या जकात नाक्यावर कारकून होता. "टोळं काय धरतो लेका! चल, पत्ते कुटू." मी गाडीत बसलो. इतकं सोपं होतं ते.

दुपारभर नाक्यावरच्या लिंबाखाली डाव रंगला. मागच्या माळावरून कापून आणलेल्या गवताची गाडी शेजारी उभी होती. तिच्यातून एक राखी नाकतोडा उडाला आणि माझ्या हातातल्या पानावर येऊन बसला. "घ्या, डाक्तरचा जावई आला!" कुणीतरी ओरडलं. रिकामी डबी कशी परत न्यायची, हा माझा प्रश्न सुटला होता.

संध्याकाळी डबी उघडताच डॉक्टर तापातही उठून बसले. नाकतोड्याच्या मागच्या मांडीवर आतून जांभळा पट्टा होता. "कुठं घावला?"

"पुसेगावच्या कुरणात."

"कोणत्या अंगाला?"

"ओढ्याच्या. पळसापाशी."

तो पळस मी त्या क्षणी लावला. डॉक्टरांनी कपट्यावर 'पुसेगाव' लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं.

काही महिन्यांनी ते भर वर्गात शिरले. पायांत दोन वेगवेगळ्या वहाणा होत्या. "मास्तर! आफ्रिकेतला हाय तो! हिंदुस्थानात आजवर कुणाला घावला न्हाई. तुमी आणला!" पोरांना त्यांनी गूळ-शेंगदाणे वाटले. त्यांची टीप कलकत्त्याच्या एका शास्त्रीय मासिकात छापून आली. तीत पुसेगाव होतं, आणि मी होतो. शाळेत मला हार घातला. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायचं. मी मान वाकवून हार घालून घेतला.

मग दर भादव्यात डॉक्टर पुसेगावला जाऊ लागले. एकट्या किड्यावर नोंद तगत नाही, तो तिथं वसलाय हे दाखवावं लागतं, असं ते सांगत. मला सोबत नेत. ओढ्याकाठी पळस बरेच होते. "हाच ना तुमचा?" ते विचारत. मी कुठल्याही एकाकडे बोट दाखवी. त्याच्याभोवती ते चिखलात गुडघे टेकून बसत. गुराखी हसत, "डाक्तर, बायकोची नथ हरवली का हितं?" तेही हसत. परतताना रिकामी डबी हातात असे.

मला ते बघवेना, म्हणून एका वर्षी मी गुपचूप कनेरगावला गेलो. नाक्यामागच्या माळावर चार पावलं टाकली असतील, तर समोरून पाच-सात उडाले. राखी, जांभळ्या पट्ट्याचे. त्या माळावर ते पिढ्यान् पिढ्या नांदत असावेत. डॉक्टरांची नोंद खरी होती, फक्त गाव खोटं होतं, आणि ते मी घातलं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी घरी आलो आणि भाकरीला त्यांच्याकडे गेलो.

पुढे कलकत्त्याहून त्या मासिकाचे कीटकतज्ज्ञ स्वतः आले. दोन दिवस पुसेगाव पालथं घातलं. काही मिळालं नाही. त्यांनी मला खोदून विचारलं, तेव्हा डॉक्टर मध्ये पडले, "मास्तर म्हणून राहिले म्हंजे बराबर हाय. त्यांचा शब्द मी माझ्या डोळ्याइतका मानतो." तज्ज्ञांनी आफ्रिकेच्या पेट्यांचा खण पाहिला आणि आपली वही मिटली. मग छापून आलं, की ही नोंद भरवशाची नाही, परदेशी नमुन्याची गल्लत दिसते, ती रद्द समजावी. त्यानंतर डॉक्टरांनी कुठं काही धाडलं तरी उत्तर येईना.

निजामाची राजवट गेली, त्या वर्षीच्या परतीच्या पावसात त्यांनी मला बोलावून घेतलं. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. कागद-दौत मांडून ठेवली होती. "लिवा मास्तर. कलकत्त्याला. पेट्यांची गफलत माझ्या हातून झाली, कपटा मीच चुकीचा टोचला."

"पण तुमच्याकडून झाली नाही गफलत."

"माझी न्हाई तर मग तुमची धरतील लोकं. तुमाला आता लेकरंबाळं हायेत, शाळा हाय. लिवा."

टाक माझ्या हातात होता. दहा-बारा वर्षं जे जमलं नाही, ते त्या वाक्यानं माझ्याकडून ओढून काढलं. मी सगळं सांगितलं. पत्ते, गवताची गाडी, पळस, आणि नाक्यामागचा माळ. माळाचं सांगितल्यावर त्यांनी मान वर केली.

"अजून हायेत तिथं?"

"पुष्कळ आहेत. मी पाहिलेत."

"कधी?"

मी वर्ष सांगितलं. ते बोटांवर काहीतरी मोजू लागले आणि मध्येच थांबले. आत भांड्यांचा आवाजही बंद झाला होता. वहिनी ऐकत होत्या.

मी म्हटलं, "आपण खरं लिहू. मी लिहितो, माझ्या नावानं."

"आता काय लिवता?" त्यांचा आवाज चढला नाही. "माझे डोळे गेले अन् तुमचा शब्द. कोण मानंल?"

मी तरीही लिहिलं, धाडलं. उत्तर आलं नाही.

डॉक्टर त्यानंतर जेमतेम हिवाळा जगले. मला येऊ नका म्हणाले नाहीत. भाकरी वाढली जायची, गप्पाही व्हायच्या. पण कबुलीच्या त्या दिवशीचं सांगतो. बोलणं संपल्यावर मी खिडकीपाशी जाऊन पाऊस बघत बसलो. त्यांना रोज संध्याकाळी मी हात धरून फिरायला नेत असे. मी उठून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पाऊस थांबलाय. निघू या."

ते चाचपडत खिडकीशी आले. गजांतून त्यांनी हात बाहेर काढला आणि थेंब पडतो का अजमावत, तळवा उघडा ठेवून बराच वेळ तसाच धरला.