अर्धा नंबर

आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये एक तपासनीस होते. जेवणाच्या सुट्टीत ते बर्डीच्या बाजारातल्या पब्लिक फोनजवळ चणे खात उभे राहायचे आणि लोक फोन कसा लावतात ते वहीत टिपून घ्यायचे. आम्ही हसायचो.

एक्सचेंजमध्ये फोन जोडणारं नवं यंत्र बसलं. चाचणीसाठी आम्ही दहा जणांनी भराभर नंबर फिरवले. यंत्र पास झालं. साहेबांनी संत्राबर्फी मागवली.

"असा फोन कोण लावते गा?" म्हणत तपासनिसांनी वहीची पानं फाडून आम्हाला वाटली. "आता असा लावा."

एका पानावर होतं, तीन आकडे फिरवून चष्मा शोधतो. दुसऱ्यावर, रिसीव्हर उचलून आधी बायकोशी वाद घालतो. आम्ही तसंच केलं आणि पाच मिनिटांत यंत्र बंद पडलं. साहेबांचा चेहरा उतरला.

तपासनिसांनी बर्फी तोंडात टाकली. "बरं झालं, आजच समजलं. लोकं बोंबलल्यावर समजलं असतं त?"

माझ्या पानावर होतं: अर्धा नंबर फिरवतो, पुढचा विसरतो, मग खिसे चाचपतो.

"हा वेंधळा कोण हो?" मी हसत विचारलं.

"तूच गा. तू बर्डीवरून घरी फोन लावतो तवा मी मागंच उभा राहतो."