दादाच्या गाडीचे शॉकअप

दादा गेल्यावर महिनाभरानं वहिनीचा पुण्याहून फोन आला. "भावजी, गाडी तेवढी घेऊन जा. खाली उतरलं की नजरेला पडते. विकायचं मन होत नाही आणि बघवतही नाही."

मी जाऊन गाडी चकलांब्याला आणली. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, बऱ्याच वर्षांपूर्वीची परदेशी गाडी. दादानं ती जुनीच घेतली होती आणि फार जपली होती. आमच्या घरात तसली हौस दुसऱ्या कुणाला नव्हती. मी शेती बघतो. लग्न केलं नाही, आई-वडील गेल्यापासून घरात एकटाच आहे. दादा रोज संध्याकाळी फोन करायचा. पाणी कुठं दिलं, कापूस किती फुटला, एवढंच बोलणं. पण ते झालं की दिवस संपल्यासारखा वाटायचा. तो गेल्यावर संध्याकाळ नुसती लांबत जायची.

गाडीत एक बटण होतं. रस्ता खराब लागला की दादा ते दाबायचा आणि गाडी मऊ चालायची. हायवेला लागला की परत दाबून कडक करायचा. मला शेजारी बसवून तो हे सारखं करून दाखवी. "आता खड्डा गेला, कळला का?" मी नाही म्हणालो की खूश व्हायचा.

आमच्याकडचे रस्ते मात्र तिला झेपले नाहीत. उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून दोन-चार खेपा झाल्या आणि पुढच्या चाकांकडून खडखड ऐकू यायला लागली. समोर एक पिवळा दिवा लागला, तो जाईना. बटण दाबून काही फरक पडेना.

गेवराईच्या मिस्त्रीनं गाडी वर उचलून पाहिली. माझ्याच वयाचा, शांत माणूस. म्हणाला, "मालक, हिच्या शॉकअपाला, म्हंजी दणके झेलणाऱ्या नळकांड्याला, वायर जोडलेली हाय. बटणाचा हुकूम त्याच वायरीतून जातो. आतलं तेल सगळं गळलंय. मी आसलं काम कवा केलं न्हाई. विचारून सांगतो."

त्यानं बऱ्याच ठिकाणी विचारलं. तसले शॉकअप बनवणं कंपनीनं कधीच बंद केलं होतं. दुसऱ्या एका कंपनीचे साधे, बिनवायरीचे शॉकअप ह्या गाडीला बसत होते.

"पण मग बटण मेलं म्हणून समजा," तो म्हणाला.

"आन् दिवा?"

"जुन्या वायरीला एक बारकी डबी जोडायची. गाडीला वाटतं, शॉकअप जाग्यावरच हाय. मग दिवा लागत न्हाई."

मी लगेच हो म्हणालो नाही. घरी येऊन त्या थांबलेल्या गाडीत नुसता बसून राहिलो. ते बटण गेलं की दादाचा हात जिथं सारखा जायचा ती जागाच जाणार, असं काहीतरी मनात येत होतं. पण खडखडत ठेवण्यातही अर्थ नव्हता. चार दिवसांनी मिस्त्रीला होकार कळवला.

सामान यायला फार उशीर झाला. मी अधूनमधून गेवराईला जाऊन चौकशी करायचो. मिस्त्री चहा मागवायचा, पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं सांगायचा, मी शेतातलं सांगायचो. काम लांबत गेलं त्याचं मला वाईट वाटलं नाही. कुणीतरी बोलायला होतं.

शॉकअप बसवले त्या दिवशी स्प्रिंग दाबून धरताना त्यानं मला लांब उभं केलं. "सुटली तर डोस्कं फोडती." जुने शॉकअप बाहेर आले ते तेलानं काळे झालेले होते. त्यानं विचारलं, "घरी नेता का भंगारात टाकू?"

"टाका," मी म्हणालो आणि रस्त्याकडं बघत उभा राहिलो.

परत येताना खडखड नव्हती, दिवाही नव्हता. पण बारीक खडासुद्धा पाठीला लागत होता. उमापूरच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेतली आणि उगीच ते बटण दाबलं. काही होणार नाही हे माहीत होतं, तरी दोन-तीनदा दाबलं.

दादाच्या वर्षश्राद्धाला वहिनी आली. तिचं माहेर पाटोद्याला. दुसऱ्या दिवशी तिकडं जाण्यासाठी ती एसटीची वेळ विचारायला लागली, तेव्हा मी भीतभीतच म्हणालो, "गाडीनं सोडू का?" आल्यापासून तिनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.  ती आत जाऊन पिशवी घेऊन आली आणि गाडीत बसली.

शिरूर मागं पडलं. एका खड्ड्यात दणका बसला तशी ती म्हणाली, "लई आदळते की ही."

"शॉकअप बदललेत, वहिनी. जुने मिळंनात."

"बरं केलं." ती खिडकीबाहेर बघत होती. "ते गेल्यावर एकदा शेजाऱ्यांनी मला हिच्यातनं बँकेत नेलं होतं. तशीच मऊ चालली होती. डोळे मिटले तर वाटलं, हेच चालवतायत. पुढच्याच चौकात मी उतरले. आता तशी चालत न्हाई ही. हिच्यात बसवतं मला."

ज्या गोष्टीसाठी मी इतके दिवस हळहळत होतो, तीच गेल्यामुळं ती शेजारी बसली होती. नंतर ती दादाबद्दल बोलत राहिली. सकाळी तो बाल्कनीत उभा राहून स्वतःशीच जुनी गाणी चुकीच्या शब्दांत म्हणायचा, हे मला माहीतच नव्हतं. पाटोदा फार लवकर आलं.

तिचे भाऊ-भावजया बाहेर आले, पिशवी घेतली, लेकरं तिला बिलगली. मला आग्रहानं चहा दिला. तिच्याभोवती माणसं जमली होती. मी तिचा निरोप घेऊन निघालो.

आता ती आली की पाटोद्याला मीच सोडतो. तसं तिचं येणं क्वचितच होतं. एरवी बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून शिरूरपर्यंत एकटाच जाऊन येतो. बाजार असला तर भाजी घेतो, नसला तर तसाच वळतो.