मोकळा ठेवलेला उजवा हात

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण एप्रिलमधली ती दुपार आजही वेगळी आठवते. त्या दिवशी तपास माझ्याच हुकुमाने अडला होता.

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. आठवडी बाजाराचा दिवस. बाराच्या सुमारास एक आजी ठाण्यात आल्या. त्यांची चार वर्षांची नात भाजीच्या ओळीत हात सुटून हरवली होती. अल्पवयीन मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. तो नोंदवला, वर्णन शेजारच्या ठाण्यांना कळवलं. आजी बाकावर बसून एकच विचारत होत्या, "पोरगी भेटन ना, साहेब?"

तासाभरात एका मोबाइल दुकानदाराचा फोन आला. त्याच्या कॅमेऱ्यात बाजारातली मुकी फुलवाली त्या पोरीला हाताला धरून नेताना दिसत होती. थोड्या वेळाने ती एकटीच परतली होती. आमची माणसं पोचेपर्यंत लोकांनी तिला घेरून दोन थपडा मारल्याही होत्या. तिला ठाण्यात आणलं.

वय तिशीच्या आसपास. ऐकू येत नव्हतं, पण अकोल्याच्या एका शाळेत थोडी वर्षं खुणांची भाषा शिकलेली. आमच्या हवालदाराने तिथल्या एका शिक्षिकाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. फुलवाली सारखी दाराकडे ओढ घेत होती, म्हणून मी महिला शिपायाला तिचा हात धरायला सांगितलं. वर समजूतदारपणे म्हणालो, "डावा धरा. उजवा मोकळा ठेवा, तिला खुणा करायच्या आहेत."

ती उजव्या हाताने काहीतरी करी, मध्येच थांबे, आणि धरलेला हात हिसके देई. कागद पुढे केला तर नुसत्या वाकड्या रेघा ओढल्या. बाई फोनवरून म्हणाल्या, "तुटक येतंय, साहेब. मूल. पाणी. बंद. पुढचा अर्थ लागत नाही."

पाणी म्हटल्यावर मी थांबलो नाही. दोन शिपाई आसपासच्या विहिरी बघायला पाठवले. हात सोडवायला धडपडणारा माणूस काहीतरी लपवतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. मी शिपायाला म्हणालो, पकड ढिली करू नका.

तेवढ्यात फुलवालीची आई धापा टाकत आली. तिने मुलीच्या गालाकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"तिचा तो हात काहून धरला, साहेब?"

"पळून जाईन ना, मावशी," शिपाई म्हणाली.

"ती त्याच हातानं बोलते. तुमी तिचं तोंड दाबून तिले इचारून राहिले."

हात सोडला. तिने मनगट झटकलं आणि दोन्ही हात असे चालू लागले, की बाईंना तिला सावकाश म्हणून सांगावं लागलं. डावा हात पुढे, उजवा त्याच्या साथीला. मग बाई तिचेच शब्द आम्हाला सांगू लागल्या. मुलगी माझ्या फुलं ठेवायच्या खोलीत आहे. रस्त्यावर ट्रक असतात, म्हणून बाहेरून कडी लावली. आत पाणी शिंपडलं. मी तिच्या माणसांना शोधायला आले होते. लवकर चला, ऊन वाढलंय.

खोली बाजारामागेच होती. आमची माणसं तिच्यासमोरून दोनदा गेली होती, पण बाहेरून कडी दिसल्यावर कोणी उघडली नव्हती. मी कडी काढली. ओल्या पोत्यावर, झेंडूच्या ढिगाला टेकून पोरगी झोपली होती. अंगाला हात लावला. ओल्या पोत्याने गार होतं, श्वास संथ चालला होता. मी आजींना आत बोलावलं. त्यांनी नातीला उचललं आणि आधी एक धपाटा घातला, मग रडल्या.

नंतर मी फुलवालीच्या आईला विचारलं, बाजारात तर ती सगळं उजव्या हाताने करते, मग हे कोणाला कसं कळावं? आई खाली बघत म्हणाली, "देवाची फुलं डाव्या हातानं कोनी घेत नाही, साहेब. मीच लहानपणापासून मारून मारून सवय लावली."

मला हे समजायला हवं होतं. मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला. हिवरखेडकडून अमरावतीला आलो आणि पहिल्याच दिवशी वर्गात 'मला'ऐवजी 'मले' म्हणालो. सगळे हसले. वर्षभर मी तोंड उघडलं नाही, आणि सरांना वाटलं, या पोराला काही येत नाही. तरी मी तिचा उजवा हात मोकळा ठेवला आणि ती बोलायची वाट पाहत बसलो. त्यानंतर कोणालाही प्रश्न विचारण्याआधी मी 'तुम्ही कसं बोलता?' एवढं विचारून घेऊ लागलो. बरोबर केलं की नाही, सांगता येत नाही. पण त्याने काही बिघडलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती नेहमीसारखी ठाण्यातल्या देवाच्या फोटोचा हार घेऊन आली. मी बाईंकडून 'चुकलं' ही एकच खूण शिकून ठेवली होती, ती केली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग उजव्या हातातला हार डाव्यात घेतला आणि पुढे केला.

हवालदार मागून पुटपुटला, "साहेब, डाव्या हाताचा हार देवाले?"

मी हार घेऊन त्याच्याच हातात दिला. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बूट काढले आणि स्टुलावर चढला.